मांजर किंवा कुत्रा हरवल्यास: शोधाचा योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

घरातले मांजर किंवा कुत्रा दिसेनासा झाला की बहुतेक घरांत एकच क्रम पाहायला मिळतो. आधी सगळे जण चपला अडकवून नाव घेत रस्त्यावर धावतात, मग कोणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर फोटो टाकतो, दुसऱ्या दिवशी कागद छापून आणले जातात आणि चौथ्या दिवशी ‘येईल आपणहून’ असे म्हणून शोध थांबतो. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधी ना कधी करावीच लागते, पण या क्रमाने केल्यास तिचा उपयोग फार थोडा होतो, आणि पहिली धावपळ तर घाबरलेल्या जनावराला आणखी दूर पळवते.

त्याहून मोठी चूक म्हणजे मांजर आणि कुत्रा यांचा शोध एकाच पद्धतीने घेणे. घरात वाढलेले मांजर बाहेर पडले तर बहुधा जवळच्या जवळ दडून राहते आणि हाकेला ओ देत नाही, तर सुटलेला कुत्रा चालत राहतो आणि तासाभरात दोन पेठा ओलांडून जातो. म्हणून मांजराच्या बाबतीत कमी जागा अतिशय बारकाईने धुंडाळावी लागते आणि कुत्र्याच्या बाबतीत जास्तीत जास्त माणसांपर्यंत लवकर पोहोचावे लागते. पुढील टप्पे हा फरक धरून लिहिले आहेत.

टप्पा १: जनावर घरात असतानाच करावयाची तयारी

ज्यांचे जनावर आत्ता हरवले आहे त्यांनी हा टप्पा सोडून थेट टप्पा २ वाचावा.

फोटोंपासून सुरुवात करावी. प्रत्येकाच्या फोनमध्ये आपल्या मांजराचे शेकडो फोटो असतात, पण त्यातले बहुतेक झोपलेल्या चेहऱ्याचे असतात. अनोळखी माणसाला ओळख पटते ती उभ्या जनावराच्या पूर्ण अंगावरून. त्यामुळे डावी बाजू, उजवी बाजू, समोरून चेहरा आणि शेपटी असे चार स्वच्छ फोटो दिवसाउजेडी काढून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत. लांब केसांच्या कुत्र्याचे केस कापले की ते फोटो पुन्हा काढावेत, कारण केस कापलेला शिह त्झू जुन्या फोटोतल्या कुत्र्याशी अजिबात जुळत नाही.

त्याच फोल्डरमध्ये लसीकरणाच्या पुस्तिकेचा, महापालिकेच्या श्वान परवान्याचा आणि विकत घेतले असल्यास पावतीचा फोटो असावा. हे जनावर माझेच आहे, हे पोलीस ठाण्यात किंवा समोरच्या माणसाला दाखवण्याची वेळ आल्यास हेच कागद कामी येतात.

मायक्रोचिपबद्दल मोठा गैरसमज आहे. तांदळाच्या दाण्याएवढी ही चिप दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली टोचतात आणि तिच्यात १५ अंकी क्रमांक असतो. तिच्यात बॅटरी नसते आणि जीपीएसही नसते, त्यामुळे कुत्रा कुठे आहे हे तिच्यावरून फोनवर दिसत नाही. कोणीतरी ते जनावर दवाखान्यात नेऊन स्कॅनर फिरवला आणि त्या क्रमांकापुढे आपला चालू मोबाइल नोंदलेला असला, तरच तिचा उपयोग होतो. दरवर्षी लस देताना डॉक्टरांना एकदा स्कॅनर फिरवण्यास सांगावे आणि फोन क्रमांक बदलल्यास नोंदणीतही बदलून घ्यावा.

गळपट्ट्यावर नावापेक्षा फोन क्रमांक महत्त्वाचा आहे, तो कोरलेला असावा आणि पत्ता लिहू नये. मांजरासाठी ओढ बसताच आपोआप सुटणाऱ्या बकलाचाच पट्टा घ्यावा, कारण साधा पट्टा ग्रिलमध्ये अडकून मांजराचा गळा आवळू शकतो.

शेवटची तयारी बिनखर्चाची आहे. रोज खाणे देण्यापूर्वी कोरड्या खाण्याचा डबा ठरावीक पद्धतीने खुळखुळवावा. हा आवाज जनावराच्या डोक्यात पक्का बसतो, आणि नावाने न येणारे मांजर त्या आवाजाने येण्याची शक्यता पुष्कळ जास्त असते.

टप्पा २: पहिली पंधरा मिनिटे, घराच्या आत

बाहेर पडण्यापूर्वी घर तपासावे. हे सांगितल्यावर लोकांना राग येतो, पण हरवलेले म्हणून बाहेर शोधले जाणारे मांजर घरातच सापडल्याचे प्रसंग थोडे नाहीत. बॉक्स पलंगाचे कप्पे, वॉशिंग मशीनचे पिंप, माळा, फ्रिजमागची जागा, अंथरुणांच्या घड्यांमागचा कोपरा आणि सोफ्याखालचे फाटलेले अस्तर या जागा हात घालून तपासाव्यात. अस्तराच्या आत शिरलेले मांजर वरून पाहता दिसत नाही, सोफा आडवा करूनच पाहावे लागते.

त्यानंतर कागदावर चार गोष्टी लिहाव्यात: शेवटचे कोणी पाहिले, किती वाजता, त्या वेळी कोणते दार किंवा खिडकी उघडी होती, आणि त्यानंतर घरी कोण येऊन गेले. गॅस सिलिंडर, पार्सल, प्लंबर, केर नेणारी बाई, सगळे लिहावे. ‘दुपारपासून दिसत नाही’ या माहितीवर सीसीटीव्ही पाहायला बसल्यास सहा तासांचे चित्रण पाहावे लागते. ‘२ वाजून १० मिनिटांनी पार्सल आले तेव्हा दार उघडे होते’ एवढे कळले, तर दहा मिनिटांत दिशा समजते.

एक माणूस फोन हाताशी ठेवून घरीच थांबावा. सगळे जण शोधायला गेले आणि जनावर दाराशी येऊन बंद दार पाहून परत गेले, असे होऊ देऊ नये.

सावधान: या टप्प्यावर कुठेही फोटो टाकू नये. पहिल्या पंधरा मिनिटांत गटावर संदेश गेला की इमारतीतली मुले नाव ओरडत जिन्यावरून धावू लागतात आणि पायरीखाली दबा धरून बसलेले मांजर पार्किंगमध्ये किंवा रस्त्यावर पळते.

टप्पा ३: मांजराचा शोध

२०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, हरवलेल्या १,२१० मांजरांच्या एका परदेशी पाहणीत, सापडलेल्या मांजरांपैकी ७५ टक्के मांजरे सुटलेल्या ठिकाणापासून ५०० मीटरच्या आत मिळाली होती. सुमारे एक तृतीयांश मांजरे पहिल्या ७ दिवसांत जिवंत परत आली, आणि सर्वांत उपयोगी ठरला तो स्वतः हिंडून घेतलेला शोध. कधीच बाहेर न गेलेल्या मांजरासाठी तर मी ५०० मीटरही फार मानीन. आपली इमारत, दोन्ही बाजूंच्या इमारती आणि मधली कुंपणाची भिंत, एवढ्यावर पहिले तीन दिवस खर्च करावेत.

भेदरलेले मांजर आवाज करत नाही. तुमची हाक त्याला ऐकू येत असते, तरीही ते हलत नाही, कारण अनोळखी जागेत आवाज केल्यास शत्रूला आपण सापडू, एवढेच त्याला त्या वेळी कळते. यावरून दोन गोष्टी निघतात: ‘हाक मारली, आले नाही, म्हणजे इथे नाही’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि प्रत्येक जागा डोळ्यांनीच तपासावी लागते.

इमारतीत पुढील क्रमाने जावे. आधी आपल्या मजल्यावरचा जिना, चपलांची कपाटे, फायर डक्ट आणि वायरिंगचे डक्ट. मग वरचे मजले गच्चीपर्यंत: पाण्याच्या टाक्यांखालची पोकळी, सोलर पॅनेलच्या खालची जागा, लिफ्टच्या मशीनची खोली. मग खाली उतरून मीटर रूम, पंप रूम, वॉचमनच्या खोलीमागची अडगळ आणि पार्किंग. घाबरलेले मांजर जसे खाली जाते तसे वरही जाते, पण गच्चीची आठवण लोकांना चौथ्या दिवशी होते. पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीखाली, चाकाच्या वर आणि बॉनेटच्या आत पाहावे लागते, आणि गाडीवाल्यांना सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर थाप मारण्याची विनंती करावी. शेवटी बंद फ्लॅट. शेजारी गावी गेले असतील आणि जाताना त्यांचे दार काही वेळ उघडे राहिले असेल, तर त्यांना फोन करून किल्लीची सोय करावी.

मांजर गॅलरीतून किंवा खिडकीतून पडले असण्याची शंका असल्यास हा क्रम उलटा करून आधी बरोबर त्या खिडकीखालच्या भागाकडे जावे. पडलेले मांजर रक्त न दिसताही आतून जखमी असू शकते, आणि ते पडल्या जागेपासून फार दूर न जाता पहिल्या अंधाऱ्या फटीत शिरते.

आमचा बोका असाच चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीतून गेला. आम्ही चार दिवस दूरच्या चौकांत चिठ्ठ्या वाटत हिंडलो. पाचव्या रात्री साडेतीनच्या सुमारास, शेजारच्या विंगच्या न्हाणीघरांच्या मागून उतरणाऱ्या पाइपांच्या डक्टमध्ये टॉर्च मारला, तेव्हा तळाशी पडलेल्या फुटक्या बादलीमागे दोन हिरवे ठिपके चमकले. दिवसा त्याच डक्टच्या लोखंडी दारासमोर उभे राहून मी त्याला नावाने हाका मारल्या होत्या, दार मात्र उघडले नव्हते.

म्हणून रात्रीचा शोध वगळू नये. पहाटे २ ते ५ ही सर्वांत चांगली वेळ, कारण तेव्हा गाड्या आणि माणसे नसतात आणि मांजर हलण्याची शक्यता जास्त असते. टॉर्च कमरेजवळ न धरता आपल्या डोळ्यांच्या बाजूला, गालाशी धरावा. मांजराच्या डोळ्यांच्या मागचा थर प्रकाश आला त्याच दिशेने परत पाठवतो, त्यामुळे टॉर्च डोळ्यांच्या रेषेत असेल तरच ती चमक आपल्याला दिसते. दहा पावले जाऊन दोन मिनिटे गप्प उभे राहावे, कोरड्या खाण्याचा डबा एकदाच खुळखुळवावा, पुन्हा ऐकावे. वॉचमनला आधी सांगून ठेवावे, नाहीतर मध्यरात्री टॉर्च घेऊन गाड्यांखाली वाकणाऱ्या माणसाची वेगळीच चौकशी सुरू होते.

दाराबाहेर त्याचे रोजचे अंथरूण किंवा आपला न धुतलेला सदरा ठेवावा. मांजराने वापरलेली वाळू बाहेर ठेवण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो, पण मी तो देत नाही: त्या वासाने परिसरातले दांडगे बोके येतात आणि दडलेले मांजर अधिकच दबून बसते. खाणेही रात्रभर उघडे ठेवू नये. ते इतर मांजरे आणि घुशी फस्त करतात, आणि कोणी खाल्ले हे आपल्याला कळत नाही. ठेवायचेच असल्यास त्यावर जुना फोन किंवा छोटा कॅमेरा लावावा.

तपासून पाहा: फरशीवर किंवा जमिनीवर वाकून, मांजराच्या उंचीवरून प्रत्येक फट पाहिली आहे काय? ‘तिथे नसेलच’ म्हणून न उघडलेले एकही दार राहिले आहे काय? असल्यास टप्पा ५ कडे वळण्यापूर्वी ते उघडावे.

टप्पा ४: कुत्र्याचा शोध

कुत्र्याच्या बाबतीत पहिले दोन-तीन तास मोलाचे आहेत, कारण अंतर प्रत्येक मिनिटाला वाढते. आधी ठरवावे की तो कोणत्या स्वभावाचा आहे आणि कसा गेला. फाटक उघडे दिसले म्हणून फिरायला गेलेला, माणसांत रमणारा लॅब्रॅडॉर बहुधा कोणाच्या तरी मागे जातो आणि काही तासांत कोणीतरी त्याला बांधून ठेवते. त्याला शोधणे म्हणजे ते माणूस शोधणे. दिवाळीच्या सुतळी बॉम्बने किंवा मिरवणुकीच्या ढोल-ताशाने बिथरून पट्टा तोडून गेलेला कुत्रा मात्र माणसे टाळतो, सरळ रेषेत पळतो आणि थकल्यावर एखाद्या बांधकामात, नाल्याच्या कडेला किंवा उभ्या ट्रकखाली लपतो. अशा वेळी कधी कधी तो मालकालाही ओळखत नाही.

एका जोडीने रोजच्या फेरीचा मार्ग पूर्ण चालावा, दुसऱ्या जोडीने दुचाकीवरून हळू, उलट दिशेने यावे. पूर्वीचे घर, ओळखीचे मैदान आणि गाडीतून सुटला असल्यास गाडी जिथे थांबली होती ती नेमकी जागा, या तिन्ही ठिकाणी माणूस बसवावा. प्रत्येक रिक्षा स्टँडवर, चहाच्या टपरीवर आणि चिकनच्या दुकानात थांबून फोटो दाखवावा. गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांकडेही लक्ष असावे: त्यांच्या हद्दीत शिरलेल्या नव्या कुत्र्याला ते पुढच्या हद्दीपर्यंत हाकलतात, त्यामुळे ‘काल रात्री इथे कुत्री फार भुंकत होती’ हे पानवाल्याचे वाक्य दिशा सांगून जाते.

फटाक्यांमुळे पळालेल्या कुत्र्यासाठी मध्यरात्रीनंतरची शांतता आणि दूधवाल्याच्या आधीची पहाट या दोन वेळा राखून ठेवाव्यात. घरात दुसरा कुत्रा असल्यास त्याला पट्ट्याने बांधून सोबत न्यावे. तो जिथे हुंगून थांबतो तिथे आपणही थांबावे.

सावधान: कुत्रा दिसल्यास त्याच्यामागे धावू नये. पाठलाग सुरू झाला की तो वाहनांचा विचार न करता रस्ता ओलांडतो. जागच्या जागी थांबावे, त्याच्याकडे बाजू करून खाली बसावे, डोळ्यांत पाहू नये, नेहमीच्या आवाजात एखादे रोजचे वाक्य म्हणावे आणि खाणे आपल्या आसपास टाकत राहावे. एकाच ओळखीच्या माणसाने पुढे जावे, बाकीच्यांनी दूर राहून रस्त्याच्या बाजू धराव्यात.

टप्पा ५: कॅमेरे आणि रस्त्यावरची माणसे

सीसीटीव्हीचे चित्रण त्याच दिवशी मागावे. रेकॉर्डरची जागा भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते, आणि ते किती दिवस टिकते हे सोसायटीच्या सेक्रेटरींनाही अनेकदा माहीत नसते. पाहायला बसताना पहिली गोष्ट ही करावी की पडद्यावरील घड्याळ आपल्या फोनच्या घड्याळाशी जुळवावे. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक सर्रास असतो, आणि तो ध्यानात न घेतल्यास आपण चुकीचा अर्धा तास पाहून ‘बाहेर गेलेच नाही’ असे ठरवतो. फाटकाच्या कॅमेऱ्यानंतर समोरच्या किराणा दुकानाचा, मग चौकातल्या मेडिकलचा, अशी साखळी जोडत जावे. हवा तेवढा तुकडा पेन ड्राइव्हवर घ्यावा, निदान पडद्याचे फोनवर चित्रण करावे.

माणसांमध्ये ज्यांचे पाय रोज त्याच गल्लीत पडतात त्यांना आधी भेटावे: घंटागाडीवरचे कामगार, ओला-सुका कचरा नेणाऱ्या ताई, पेपरवाला, इस्त्रीवाला, रात्रपाळीचे वॉचमन, भटक्या कुत्र्यामांजरांना रोज खाऊ घालणाऱ्या बाई. या शेवटच्या व्यक्तीला परिसरातले प्रत्येक जनावर ओळखीचे असते आणि नवीन तोंड दिसले की तिला त्याच दिवशी कळते. सगळ्यांत आधी तिचा फोन मिळवावा.

टप्पा ६: चिठ्ठी आणि संदेश

चिठ्ठी मराठीत आणि हिंदीत असावी, आणि चालत्या रिक्षेतून वाचता येईल एवढ्या अक्षरांत वर फक्त ‘कुत्रा हरवला’ किंवा ‘मांजर हरवली’ असे लिहावे. खाली एक मोठा रंगीत फोटो, हरवल्याची तारीख व जागा आणि दोन फोन क्रमांक. जातीचे इंग्रजी नाव लिहून थांबू नये. ‘शिह त्झू’ म्हणजे काय हे घंटागाडीवरच्या माणसाला माहीत असण्याचे कारण नाही, पण ‘पांढरा-तपकिरी, केसाळ, बुटका कुत्रा’ हे त्याला लगेच कळते. ‘पकडू नका, दिसल्यास लगेच फोन करा’ ही ओळ ठळक असावी. घराचा पत्ता लिहू नये.

एखादी खूण मुद्दाम वगळावी: पोटावरचा काळा ठिपका, शेपटीच्या टोकाची गाठ, तुटलेला दात. खरा फोन कोणता आणि खोटा कोणता, हे पुढे या खुणेवरूनच ठरते.

चिठ्ठ्या दुकानदारांना विचारून त्यांच्या दारात, दवाखान्यांत आणि सोसायट्यांच्या सूचना फलकांवर लावाव्यात. सार्वजनिक भिंती आणि विजेचे खांब टाळावेत, कारण महाराष्ट्रात मालमत्ता विद्रूपीकरणास प्रतिबंध करणारा १९९५ चा कायदा लागू आहे आणि शिवाय तिथले कागद सकाळपर्यंत टिकत नाहीत. पावसाळ्यात कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून पाकिटाचे उघडे तोंड खाली येईल असे लावावे, म्हणजे पाणी आत उतरत नाही.

बक्षीस लिहायचे की नाही? माझ्या मते ‘योग्य बक्षीस दिले जाईल’ एवढेच लिहावे. मोठा आकडा लिहिल्यास पकडायला धावणारे आणि फसवणारे असे दोघेही वाढतात. आकडा लिहिलाच, तर तो देण्याची तयारी ठेवावी: भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १६८ नुसार जाहीर केलेल्या बक्षिसासाठी वस्तू शोधून आणणारा दावा करू शकतो आणि ते मिळेपर्यंत ती वस्तू आपल्याजवळ ठेवू शकतो. कायद्याच्या दृष्टीने आपला मोती जंगम मालमत्ता आहे, हे ऐकायला बरे वाटत नाही, पण तक्रार करताना त्याचाच आधार होतो.

(पिंजऱ्यातला देशी पोपट उडाला म्हणून जे चिठ्ठी लावतात त्यांनी ती लावण्यापूर्वी थांबावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळणेच गुन्हा आहे.)

व्हॉट्सअ‍ॅप संदेशात तारीख जरूर घालावी. तारीख नसलेला संदेश कुत्रा घरी आल्यानंतरही महिनोन्‌महिने फिरत राहतो.

टप्पा ७: दवाखाने, महापालिका, पोलीस

पाच किलोमीटरच्या आतील सर्व पशुवैद्यकीय दवाखान्यांना आणि प्राणी आश्रयगृहांना फोन करून मग चिठ्ठी प्रत्यक्ष नेऊन द्यावी. मुंबईत जखमी जनावरे परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयात अनेकदा आणली जातात, तिथे स्वतः जाऊन पाहावे. फोनवर ‘नाही’ असे उत्तर मिळाल्यावर थांबू नये: नोंदवहीत आपल्या लाडक्याचे वर्णन ‘नर, तपकिरी’ एवढेच असते आणि फोन उचलणाऱ्याला त्यावरून काहीच सांगता येत नाही.

पट्टा नसलेला कुत्रा महापालिकेच्या गाडीने भटका समजून उचलला असण्याची शक्यता धरावी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांवर नसबंदी आणि रेबीजची लस करून, ओळखीसाठी कानाला खाच देऊन, त्यांना सामान्यतः उचलल्या जागी परत सोडले जाते. त्यामुळे आपल्या भागात त्या दिवशी गाडी आली होती काय हे विचारून केंद्रावर त्याच दिवशी जावे. मुंबईत महापालिकेचा मदत क्रमांक १९१६ आहे. मांजर डक्टमध्ये, विहिरीत किंवा उंच झाडावर अडकल्याची खात्री असल्यास अग्निशमन दलास १०१ वर कळवता येते.

पोलीस ठाण्यात अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एकीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्यावी. जनावर हरवले असल्यास ‘हरवले’ असेच लिहावे. कोणीतरी उचलून नेल्याचे कॅमेऱ्यात दिसत असल्यास मात्र अर्जात ‘चोरी’ हा शब्द स्पष्ट असावा आणि चित्रण, पावती व परवाना सोबत जोडावा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू असून चोरीचे कलम ३०३ आहे.

टप्पा ८: फोन येऊ लागल्यावर

चिठ्ठी लागली की फोन येतात, आणि त्यातले काही फसवणुकीचे असतात. ठरलेला प्रकार असा: ‘तुमचा कुत्रा माझ्याकडे आहे, मी दुसऱ्या गावी निघालोय, गाडीभाड्याचे दोन हजार आधी पाठवा.’ घाबरलेला मालक पैसे पाठवतो आणि फोन बंद होतो. आधी ती वगळलेली खूण विचारावी, नंतर व्हिडिओ कॉलवर जनावर दाखवण्यास सांगावे. जनावर हातात येईपर्यंत एक रुपयाही पाठवू नये, कोणताही ओटीपी सांगू नये आणि पैसे मिळवण्यासाठी म्हणून आलेला क्यूआर कोड स्कॅन करू नये, कारण स्कॅन केल्याने पैसे जातात, येत नाहीत. भेटायला एकट्याने जाऊ नये आणि भेट दवाखान्यासारख्या वर्दळीच्या जागी ठरवावी.

खऱ्या फोनवरही प्रश्न नीट विचारावेत. ‘तुमच्यासारखाच कुत्रा पाहिला’ यावर आनंदून धावत सुटण्याआधी किती वाजता, कुठल्या बाजूला जात होता, पट्टा होता का, लंगडत होता का हे लिहून घ्यावे आणि प्रत्येक जागा नकाशावर ठिपक्याने दाखवावी. चार-पाच ठिपके झाले की त्याचा फिरण्याचा पट्टा स्पष्ट दिसू लागतो, आणि मग पुढच्या चिठ्ठ्या त्या पट्ट्यातच लावाव्यात.

टप्पा ९: दिसते, पण हाती येत नाही

जनावर रोज एका ठिकाणी दिसत असल्यास तिथे ठरावीक वेळी खाणे ठेवण्यास सुरुवात करावी आणि गर्दी पूर्ण बंद करावी. दोन-तीन दिवस ते नियमित येऊ लागल्यावर पिंजरा लावावा. असे सापळा पिंजरे प्राणिमित्र संस्थांकडे मिळतात आणि त्या ते लावायलाही शिकवतात. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र, वरून चादर आणि आत अगदी शेवटी भाजलेले बोंबील किंवा सुकट ठेवावी. त्या वासाला घाबरलेले मांजरही सहसा नकार देत नाही. पिंजरा लावून घरी जाऊन झोपू नये, नजरेच्या टप्प्यात बसावे. दुसरेच मांजर अडकल्यास सोडावे लागते, आणि उन्हात अडकलेले जनावर थोड्या वेळात उष्माघाताने मरू शकते.

मांजर हाती आल्यास मिठीत घेऊन रस्ता ओलांडू नये. एका हॉर्नने ते अंग सोडवून पळते. जाड टॉवेलमध्ये गुंडाळून तिथेच टोपलीत किंवा कॅरियरमध्ये बंद करावे. ओरखडा किंवा चावा बसल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि आपलेच जनावर असले तरी रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा १०: घरी आल्यावर

ताटभर खाणे समोर ठेवण्याचा मोह आवरावा. उपाशी जनावराला आधी पाणी आणि मग दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे खाणे द्यावे. कित्येक दिवस न खाल्लेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते गंभीर आजारी पडू शकते, म्हणून खाण्याकडे ढुंकूनही पाहत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दवाखाना गाठावा. केसांखाली चाव्याच्या बारीक जखमा असतात आणि त्या बोटांनी चाचपूनच सापडतात. चाव्याची शंका असल्यास लसीकरण पूर्ण असूनही रेबीजच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात फिरलेल्या कुत्र्याच्या बाबतीत लेप्टोस्पायरोसिसचा (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) उल्लेख डॉक्टरांकडे आपण स्वतः करावा.

घरात दुसरे मांजर असल्यास दोन-तीन दिवस दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवावे. परत आलेल्या मांजराला बाहेरचा वास लागलेला असतो आणि घरातले त्याच्यावर फिस्कारते, कधी अंगावरही जाते.

ज्या दारातून किंवा जाळीतून ते गेले तिथली दुरुस्ती त्याच आठवड्यात उरकावी, कारण एकदा सापडलेली वाट जनावर विसरत नाही. गटांवर ‘सापडला’ असा तारखेसह संदेश टाकावा आणि लावलेल्या सर्व चिठ्ठ्या स्वतः फिरून उतरवाव्यात. त्या फेरीत इस्त्रीवाल्याला, वॉचमनला आणि पहाटे दार उघडून देणाऱ्या शेजाऱ्यांना कुत्रा सोबत नेऊन दाखवावा, मांजर असल्यास फोटो दाखवावा.